टेरेसवरचं सोलर आणि रात्रीचं चार्जिंग: सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर कशाने वाचेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात १८० फ्लॅटची सोसायटी, आवारात ३१५ केव्हीएचा (केव्हीए हे ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचं एकक, ढोबळमानाने किलोवॅटच समजा) एक ट्रान्सफॉर्मर, २६ इलेक्ट्रिक कार आणि चाळीसेक स्कूटर. एप्रिल-मेमध्ये रात्री नऊ-साडेनऊला मेन ब्रेकर ट्रिप होतो. लोड वाढवून घ्यायचा तर मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा खर्च सोसायटीच्या डोक्यावर येणार. म्हणून कमिटीचं म्हणणं आहे की टेरेसवर ५० किलोवॅटचं सोलर बसवू, सगळ्या गाड्या सोलरवर जातील आणि प्रश्न मिटेल. तसं होईल का?

निम्मं होईल. वर्षभराच्या युनिटांचा हिशेब छान जुळेल, पण रात्रीचं ट्रिपिंग सोलरने थांबणार नाही. सोलर बसवाच, मी त्याच्या बाजूचाच आहे. फक्त त्याच्याकडून जे काम होतं त्याच कामाची अपेक्षा ठेवा, आणि त्याआधी काही स्वस्त कामं उरकून घ्या. ती केली तर कदाचित ट्रान्सफॉर्मर बदलावाच लागणार नाही.

आधी युनिट पाहू. पुण्यातल्या नोकरदाराची गाडी महिन्याला हजारएक किलोमीटर फिरते असं धरा. एका युनिटला सहा-सात किलोमीटर, म्हणजे महिन्याला दीडशे आणि रोजचे पाच युनिट. २६ गाड्यांचे झाले १३०. स्कूटरला रोज एखादं युनिट पुरतं, ते ४०. एकूण १७०. महाराष्ट्रात एक किलोवॅट सोलर वर्षाच्या सरासरीने रोज चार युनिट देतं, म्हणजे ५० किलोवॅटचे २००. कमिटीने इथवरच हिशेब केला असणार, आणि इथवर तो बरोबर आहे.

आता किलोवॅट, म्हणजे एका वेळी किती वीज ओढली जाते ते, पाहू. तुमच्याकडे समजा दहा गाड्यांना ७.४ किलोवॅटचे वॉल चार्जर आहेत आणि सोळा गाड्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर ३.३ किलोवॅटने चार्ज होतात. स्कूटरचा चार्जर पाऊण किलोवॅटचा. सगळं एकदम चालू झालं तर १५७ किलोवॅट होतात. तसं कधी होत नाही, पण लोक ऑफिसातून आठ-साडेआठला येतात, गाडी लावतात, प्लग खोचतात आणि वर जेवायला जातात. त्यामुळे नऊ ते दहा या तासात त्यातला निम्मा लोड सहज एकत्र येतो, म्हणजे ७५-८० किलोवॅट. नेमक्या त्याच वेळी प्रत्येक घरात एसी सुरू, किचन सुरू, दोन्ही लिफ्ट सतत वर-खाली. तेव्हा सूर्य मावळून दोन तास उलटलेले असतात. टेरेसवर ५० काय, ५०० किलोवॅट पॅनल असले तरी त्या वेळी त्यातून येणारी वीज शून्य.

वीज कंपनीच्या दृष्टीनेही हे असंच दिसतं. केरळ हे त्याचं जवळचं उदाहरण. तिथे घरांवर सोलर भरपूर आहे. २०२४ च्या एप्रिल-मेमध्ये तिथली मागणी ५,८०० मेगावॉटच्या आसपास विक्रमी पातळीला गेली, तीही रात्री साडेदहाच्या सुमाराला. ठिकठिकाणी ट्रान्सफॉर्मर ओव्हरलोड झाले आणि तिथल्या वीज मंडळाला गाड्या संध्याकाळच्या पीकमध्ये चार्ज करू नका असं आवाहन करावं लागलं. दुपारी वीज मुबलक होती. एसी आणि गाड्या दोन्ही रात्री चालू होत होते, आणि दुपारच्या विजेचा रात्रीच्या फीडरला, म्हणजे त्या भागाला वीज पोचवणाऱ्या लाइनला, उपयोग नव्हता.

म्हणून पहिलं काम: काहीही विकत घेण्याआधी मोजा. मेन एलटी पॅनलवर (ट्रान्सफॉर्मरची वीज आवारात जिथे येते त्या मुख्य पॅनलवर) नोंद ठेवणारा एक मल्टिफंक्शन मीटर बसवा आणि दर पंधरा मिनिटांचं रीडिंग किमान दोन आठवडे घ्या, तिन्ही फेजचं (वीज आणणाऱ्या आर, वाय, बी या तीन तारांचं) वेगवेगळं आणि न्यूट्रलचंही (परतीच्या तारेचं). इतक्या सोसायट्यांत मी पाहिलंय की ट्रान्सफॉर्मर भरलेलाच नसतो, त्याची एक फेज भरलेली असते.

हडपसरकडच्या एका सोसायटीचं सांगतो. ट्रान्सफॉर्मर तुमच्याइतकाच, ३१५ केव्हीए, म्हणजे फुल लोडला फेजमागे सुमारे ४२० अँपिअर. रात्री पावणेदहाला टाँग टेस्टर (तारेभोवती धरून करंट मोजायचा चिमटा) लावला तर आर फेजवर ४२८, वायवर ३३१, बीवर २९६ अँपिअर. न्यूट्रलमधून १२० च्या आसपास करंट, आणि न्यूट्रलच्या लगवरचं (केबलच्या टोकाच्या जोडणीवरचं) इन्सुलेशन रंग बदललेलं. झालं होतं असं की बेसमेंटमधल्या चार्जिंगची केबल ज्या वायरमनने ओढली त्याने मीटर रूममधल्या सोयीच्या बसबारवरून (वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्टीवरून) सगळे सिंगल फेज चार्जर घेतले, आणि ती बसबार होती आर फेजची. तिन्ही आकड्यांची सरासरी काढा: ३५२, म्हणजे ४२० च्या बरीच खाली. चार्जर तिन्ही फेजवर वाटून दिले, लग बदलून नीट क्रिम्प केले आणि ट्रिपिंग थांबलं. ट्रान्सफॉर्मर तोच राहिला, खर्च फक्त केबल आणि दोन दिवसांची मजुरी. तुमच्याकडे असंच असेल असं नाही, पण ते तपासल्याशिवाय लाखांचं कोटेशन मागवू नका.

दुसरं काम लोड मॅनेजमेंटचं. तुमचे १७० युनिट रात्री साडेअकरा ते सकाळी सहा या साडेसहा तासांत सारखे वाटले तर लागतात फक्त २६ किलोवॅट! जो लोड नऊ वाजता ८० किलोवॅटचा डोंगर होता, तोच पहाटेपर्यंत पसरला की कुणाच्या लक्षातही येत नाही. मध्यरात्रीनंतर एसी सोडले तर घरं झोपलेली असतात आणि ट्रान्सफॉर्मरला भरपूर जागा असते. सकाळी सातला प्रत्येक गाडीत तिच्या गरजेपुरते पाच-सात युनिट पडलेले असतात. रोज बॅटरी शून्यापासून भरावी लागणारी गाडी शहरात विरळाच.

हे करायचं कसं? मेन इनकमरवर (वीज आत येते त्या मुख्य केबलवर) सीटी, म्हणजे करंट मोजणारी कॉइल, बसवून एक कंट्रोलर एकूण लोड वाचतो. तुम्ही ठरवलेली मर्यादा, समजा २७० केव्हीए, जवळ आली की तो चार्जरना करंट कमी करायला सांगतो. वॉल चार्जर ३२ अँपिअरवरून सहापर्यंत खाली येऊ शकतो. त्याच्या खाली जायचं तर तो थांबतो आणि पाळी आल्यावर पुन्हा सुरू होतो. यासाठी चार्जर ओसीपीपी या प्रोटोकॉलवर, म्हणजे चार्जर आणि कंट्रोलरच्या सामाईक भाषेत, बोलणारे हवेत, हे खरेदीच्या अटींतच लिहा. प्रत्येक मेंबरने आपापल्या ब्रँडचा चार्जर आपापल्या मर्जीने लावला की ते एकमेकांशी बोलत नाहीत, आणि नंतर ते निस्तरणं फार महाग पडतं. बेसमेंटमध्ये मोबाइलचं नेटवर्क नसतं, तेव्हा सिमवर विसंबू नका, लॅनची केबलच ओढा. १५ अँपिअरच्या सॉकेटचा करंट असा कमी करता येत नाही, म्हणून त्यांचे गट करून टायमर आणि कॉन्टॅक्टर (टायमरच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा मोठा स्विच) लावा.

टायमर लावताना एक काळजी. सगळ्या गटांना ठोक ११ ची वेळ दिलीत तर १० चं पीक ११ वाजता नव्याने उभं राहील, आणि ते जास्त टोकदार असेल, कारण आता सगळे एका सेकंदाला चालू होतात. गटांना वीस-वीस मिनिटांचं अंतर ठेवा. ब्रिटनमध्ये २०२२ पासून घरगुती स्मार्ट चार्जरना सुरू होताना दहा मिनिटांपर्यंतचा मागे-पुढे होणारा विलंब सक्तीचा आहे, तो याच कारणासाठी.

एवढं झालं की मग सोलरकडे या, आणि त्याला त्याचं काम द्या. सोलरने ग्रिडला आधार द्यायचा असेल तर लोड सूर्याखाली आणावा लागतो. आपल्या राज्याने शेतीपंपांच्या बाबतीत हेच केलंय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच्या सबस्टेशनला सोलर प्रकल्प जोडून शेतीचे फीडर दिवसा चालवायचे, ही त्यामागची कल्पना. पंप रात्री चालवायचा आणि त्याची वीज दुपारी बनवायची असा उलटा संसार तिथे मांडलेला नाही. शेतकऱ्याला रात्री-अपरात्री बांधावर जावं लागत नाही आणि वीज बनते तिथेच वापरली जाते. गाड्यांनाही हाच नियम लावायला हवा.

सोसायटीत दिवसा किती गाड्या उभ्या असतात, हे कमिटीने एकदा बुधवारी दुपारी बारा वाजता पार्किंगमध्ये फिरून मोजावं. घरून काम करणारे, निवृत्त मंडळी, घरातली दुसरी गाडी, रात्रपाळीवाले असे मिळून तिसरा हिस्सा तरी बहुतेक ठिकाणी निघतो, आणि शनिवार-रविवारी त्याहून जास्त. तुमच्या २६ पैकी आठ-नऊ गाड्या दिवसा चार्ज झाल्या तरी रात्रीचं ओझं तेवढ्याने हलकं होतं. लोक दिवसा चार्ज करतील ते दरात फरक दिसला तर. कॉमन चार्जिंगचा दर सोसायटीच ठरवते, मग दुपारचं युनिट रात्री नऊच्या युनिटापेक्षा डोळ्यांत भरेल इतकं स्वस्त ठेवा. धोरणाची दिशाही तीच आहे. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांच्या २०२३ च्या दुरुस्तीत सौर तासांचा दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायला सांगितलंय. सार्वजनिक चार्जिंगसाठीच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट असा फरक ठेवलाय. महावितरणच्या घरगुती स्मार्ट मीटरवरही दिवसा ९ ते ५ च्या वापराला सवलत आहे.

सोलरमुळे ट्रान्सफॉर्मरला एक फायदा होतो, तो फारसा कुणी सांगत नाही. दुपारी तुमच्या आवारात घरांचा आणि पंप-लिफ्टचा मिळून समजा १०० किलोवॅट लोड असतो. टेरेसवरून ४० किलोवॅट आले की ट्रान्सफॉर्मरमधून ६० च जातात. नेट मीटरच्या (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरच्या) कागदावर कॉमन कनेक्शनने वीज एक्स्पोर्ट केलेली दिसेल, पण ती बाहेर गेटपर्यंतही जात नाही, मधल्या विंगमधले फ्रिजच ती खाऊन टाकतात. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरचं तेल दुपारी कमी तापतं आणि संध्याकाळचा लोड सुरू होतो तेव्हा तो थोड्या थंड अवस्थेतून सुरू होतो. तेलाला तापायला दोन-तीन तास लागतात, म्हणून हा दिलासा संध्याकाळच्या पहिल्या भागापुरता. तरी त्याची किंमत आहे, कारण आतल्या साध्या कागदी इन्सुलेशनचा सगळ्यात तप्त भाग ९८ अंशांच्या वर गेला की दर सहा अंशांना त्याचं झिजणं दुप्पट होतं. एसीचा उन्हाळा आणि गाड्यांचं रात्रीचं चार्जिंग एकत्र आल्याने पूर्वी रात्री मिळणारी ट्रान्सफॉर्मरची विश्रांतीच गेलीय. म्हणून लोड सपाट करताना पहाटेचे दोन-तीन तास जरा हलके राहतील असं बघा.

बंगल्यांच्या सोसायटीत चित्र उलटं असतं. घराघरावर पाच-पाच किलोवॅट सोलर, दुपारी घरं रिकामी, आणि लाइनच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज २५३ च्या वर जाऊन इन्व्हर्टर बंद पडतात. 'ऊन असून सोलर चालत नाही' ही तक्रार तिथूनच येते. तिथे दुपारी दोन-तीन गाड्या चार्जिंगला लागल्या की व्होल्टेज खाली येतं आणि सगळ्यांचे इन्व्हर्टर चालू राहतात. अशा ठिकाणी गाडीमुळेच सोलर टिकतं.

आता पैसे आणि कागदपत्रं. ५० किलोवॅटला साधारण पाच हजार चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टची मशिन रूम यांची सावली हिवाळ्यात लांब पडते, तेव्हा वेंडरला डिसेंबरच्या सावलीचा नकाशा मागा. खर्च स्ट्रक्चरच्या उंचीनुसार किलोवॅटला ४५ ते ६० हजार रुपये धरा. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना कॉमन सुविधांसाठी किलोवॅटला १८ हजार रुपये अनुदान आहे, त्यात चार्जिंगही धरलंय. घरामागे तीन किलोवॅट या हिशेबाने एकूण ५०० किलोवॅटपर्यंतची मर्यादा आहे. तुमच्या ५० किलोवॅटला ९ लाख होतात. अनुदान हवं तर पॅनल देशी बनावटीच्या सेलचेच लागतात. स्वस्त कोटेशनमध्ये हेच गाळलेलं असतं.

कनेक्शनचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. ग्राहक हक्क नियमांच्या फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनुसार चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. पण नेट मीटर ज्या कनेक्शनवर असतो त्याच कनेक्शनचे युनिट वजा होतात. सोलर कॉमन कनेक्शनवर आणि गाड्या वेगळ्या कनेक्शनवर असतील तर 'गाड्या सोलरवर' हे बिलात कुठेच दिसणार नाही. आणि वेळेनुसार दर असलेल्या कनेक्शनवर दुपारचं युनिट रात्रीच्या महाग युनिटातून सरसकट वजा होईल असं गृहीत धरू नका. वेंडर 'चार वर्षांत पैसे वसूल' म्हणतो तेव्हा त्याने वजावट कुठल्या वेळेची कुठल्या वेळेत धरलीय ते लेखी मागा, आणि तोच कागद घेऊन महावितरणच्या उपविभागात विचारा. पावसाळ्याचे महिनेही त्यात दिसले पाहिजेत. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात उत्पादन निम्म्यावर आलं तर आश्चर्य नको.

'लाइट गेली तरी सोलरवर गाडी चार्ज होईल' असंही मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणेलच. होणार नाही. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर लाइट जाताच स्वतः बंद होतो, तो तसाच व्हायला हवा, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. त्यातून तुमच्याकडे डीजी (डिझेल जनरेटर) असेल तर दोन गोष्टी करून घ्या. लाइट जाऊन डीजी सुरू झाला की चार्जिंगचा फीडर आपोआप तुटला पाहिजे. डिझेल जाळून गाड्या भरायच्या आणि त्यात डीजी ओव्हरलोड करायचा, हे कुणालाच नको आहे. आणि सोलर डीजीबरोबर चालवायचं असेल तर मधे दोघांचा मेळ घालणारा डीजी-पीव्ही कंट्रोलर हवाच, नाहीतर दुपारी कमी लोडवर सोलरची वीज उलट डीजीत शिरते.

बॅटरीचं कोटेशन तुम्हाला येईल, सध्या ते बाजूला ठेवा. दुपारचं सोलर साठवून रात्री नऊला देणं तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहे, पण तुमच्या गाड्या पहाटेपर्यंत थांबू शकतात, मग थांबण्याचं काम बॅटरीकडून विकत का घ्यायचं? बॅटरी शोभते ती जिथे गाडी थांबू शकत नाही तिथे, म्हणजे हायवेवरच्या ६० किलोवॅटच्या फास्ट चार्जरला, त्यातही तो गावाकडच्या लांब फीडरच्या टोकाला असेल तर. बॅटरी दिवसभर सावकाश भरते आणि गाडी आली की जोरात देते, फीडरला झटका बसत नाही. पुढेमागे घेतलीत तर एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची घ्या आणि कृपा करून बेसमेंटमध्ये ठेवू नका.

कमिटीत आयटी पार्कमध्ये काम करणारे असतील तर त्यांना एक काम सांगा. आपल्या कंपनीच्या ॲडमिनकडे पार्किंगवर सोलर शेडची मागणी करा. हिंजवडीतली गाडी सकाळी दहा ते संध्याकाळी सात उन्हातच उभी असते. एका पार्किंगच्या जागेवर, अंदाजे अडीच बाय पाच मीटर, साडेपाचशे वॅटचे चार पॅनल बसतात. म्हणजे २.२ किलोवॅट, रोजचे आठ-नऊ युनिट. गाडीला लागतात पाच. गाडीला सावली मिळते, साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर दोन तासांत दिवसाची गरज भागते, आणि ती गाडी रात्री तुमच्या ट्रान्सफॉर्मरकडे येतच नाही. शहराच्या ग्रिडसाठी टेरेसपेक्षा हीच जागा मला जास्त मोलाची वाटते, आणि या शहरात ती अजून जवळपास रिकामी आहे.

प्रमाण लक्षात यावं म्हणून बसचं सांगतो. पीएमपीएमएलच्या ई-बस पुण्यात २०१९ पासून धावतायत, भेकराईनगरचा डेपो तर पूर्ण इलेक्ट्रिक आहे. बारा मीटरच्या बसला किलोमीटरला एक युनिट किंवा थोडं जास्तच लागतं. दिवसाला दोनशे किलोमीटर म्हणजे तुमच्या टेरेसवरचं सगळं ५० किलोवॅट एका बसला लागलं. डेपोच्या छतावरचं सोलर म्हणूनच बसच्या गरजेचा लहानसा हिस्साच भागवू शकतं. तिथे दुपारच्या फेऱ्यांच्या मधे चार्जिंगची वेळ वेळापत्रकातच बसवणं आणि बाहेरून दिवसाची सोलर वीज विकत घेणं, हा मार्ग आहे.

तुमच्यापुरता क्रम असा ठेवा: या महिन्यात मीटर बसवून रीडिंग आणि फेजचं वाटप. पुढच्या सर्वसाधारण सभेत दोन ठराव: एकाच पद्धतीचे, एकमेकांशी बोलणारे चार्जर, आणि दिवसाचा स्वस्त दर. त्यानंतर सोलर, नेट मीटर कुठल्या कनेक्शनवर ते ठरवून. नवीन ट्रान्सफॉर्मरचा अर्ज पुढच्या मेमधलं रात्री नऊ ते दहाचं रीडिंग हातात आल्यावरच करा. त्या तासात तिन्ही फेज ३८० अँपिअरच्या खाली राहिल्या तर तो खर्च निदान काही वर्षं पुढे गेला. तोवर गाड्या पन्नास झालेल्या असतील, आणि तेव्हा हाच मीटर तुम्हाला नेमकं किती लागतं ते सांगेल.